दुसऱ्या भागाचं तिकीट

खिडकीतून पैसे सरकवण्याआधी लोक तेच विचारतात:
पाहण्यासारखा आहे का?
दोन भाग, मधे पाच महिने,
म्हणजे खिशात हातही दोनदा.
मी म्हणते, घोडे चांगले आहेत.
घोडे खरंच चांगले आहेत.
माणसांचं सांगता येत नाही, फार आहेत.

पहिल्या भागात सेनापती चहा पितात.
नकाशे उलगडतात, बोट ओलं करून वारा बघतात,
एक राणी केस विंचरते, विंचरते,
मागची पोरं शिट्ट्या मारतात.
लढाई उभी राहते तोवर
बायकांच्या सूर्यफुलाच्या बिया संपलेल्या.
मग एकदम ढाली,
ढालींचं कासव, कासवाच्या पाठीवर पाऊस बाणांचा,
आणि ऐन रंगात पडद्यावर अक्षरं:
उरलेलं हिवाळ्यात.
त्या रात्री माझ्या काचेवर कुणीतरी संत्र्याचं साल फेकलं.

म्याओ चांगशुन मात्र उठला
आणि पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला.
यांगत्सेच्या पलीकडच्या काठावरचा,
बांबूच्या टोपल्या विणतो,
कावडीने डावा खांदा कायमचा पडलेला.
दोन टोपल्या म्हणजे एक तिकीट.
म्हटलं, आजोबा, शेवट तोच आहे.
शेवट नकोय मला, म्हणाला.
एक तास बाराव्या मिनिटाला,
पुलाच्या डाव्या अंगाला, लाल पट्टीवाला
जो सगळ्यांत आधी पडतो,
तो आमचा तेहाइ.

तीन सेकंद.
मी मुद्दाम आत जाऊन पाहिलं.
बाण लागायच्या आधीच छाती धरतो तो.

तेहाइने बापाला हिशेब सांगितला होता:
जिवंत माणसाचे दिवसाला चाळीस,
मेलेल्याचे पन्नास,
कारण मेलेल्याला चिखलात झोपावं लागतं
आणि नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.
जेवण दोन्ही सैन्यांना एकच, भात आणि मुळा.
त्या पैशांत गाडीभाडं निघालं.
आता दक्षिणेला आहे, बुटांच्या कारखान्यात.
दोन नववर्षं घरी आला नाही.
फोनवर म्हणतो, ओव्हरटाइम.

म्हातारा सात वेळा आला.
आठव्यांदा मी पैसे घेतले नाहीत,
तर एक टोपली ठेवून गेला.
सुट्टे पैसे मी अजून तीतच टाकते.

हिवाळ्यात दुसरा भाग लागला.
तो आला, टोपी हातात,
आणि पहिल्यांदाच त्याने विचारलं:
पाहण्यासारखा आहे का?
मेलेला माणूस काही दुसऱ्या भागात नसणार.
शिवाय तिकीट महागलं होतं, अडीच टोपल्या.

मी आदल्या रात्री पाहिला होता,
रीळ तपासताना, रिकाम्या थेटरात.
काय सांगू.
नदी पेटते, ती छान पेटते.
राणीचे केस अजून संपलेले नाहीत.
जिंकलेला राजा शेवटी रडतो, ते मला पटलं नाही:
जिंकलेला मोजत असतो,
किती उरले, किती घोडे, किती धान्य.

पण एक तास चाळिसाव्या मिनिटाला
शत्रूच्या छावणीत, आगीच्या जरा आधी,
निळ्या पट्टीचा एक शिपाई
लापशीचं पातेलं घेऊन
उजवीकडून डावीकडे जातो.
सकाळी एका राजाचा, दुपारी दुसऱ्याचा,
शूटिंगवाल्यांना काय त्याचं.
चेहरा धुरात आहे.
डावा खांदा पाडून चालतो, बापासारखा,
त्याने तर जन्मात कावड उचललेली नाही.

हे मी बोलले नाही.
म्हटलं, घ्या. पैसे वसूल आहेत.

अडीच तासांनी बाहेर आला.
धुकं उतरलं होतं, टोपी कानांवर ओढलेली.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
गद्दार निघाला कार्टा.
शत्रूला वाढतोय.
आणि ते पातेलं, बघितलंस?
हिंदकळतंय नुसतं.
अर्धी लापशी सांडली त्याने.

शेवटची होडी कधीच सुटली होती.
मी शेगडीवरची किटली पुढे सरकवली.
कप तसाच हातात धरून
तो पुन्हा म्हणाला,
अर्धी.